रेडिएशन रोज थोडं थोडं का देतात, आणि मधल्या चोवीस तासांत पेशीत काय घडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता डॉक्टरांनी ३० वेळा रेडिएशन सांगितलंय, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. एकदाच जोरात देऊन मोकळं का करत नाहीत? चांगल्या पेशी मरत नाहीत का? शनिवार-रविवारच्या सुट्टीत कॅन्सर वाढणार नाही का? शेजारच्या काकूंना स्तनाच्या कॅन्सरसाठी १५ वेळाच दिलं, मग आईला दुप्पट का? आणि मधे गौरी-गणपतीला चार दिवस गावी नेलं तर चालेल का?

ओपीडीत हे प्रश्न मला जवळजवळ रोज विचारले जातात. वेगवेगळे वाटले तरी सगळे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आजचा डोस मिळाल्यापासून उद्याच्या डोसपर्यंत पेशी स्वतःची दुरुस्ती किती करते आणि किती नीट करते, यावर आमचं सगळं वेळापत्रक उभं आहे. म्हणून आधी पेशीत काय होतं ते सांगतो. उत्तर लांबेल, पण हे एकदा कळलं की सहा आठवडे काढणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

रेडिएशनमुळे पेशी 'भाजते', हा समज आधी बाजूला ठेवा. रेडिएशनला लोक 'शेक' म्हणतात, त्या शब्दामुळे तो पक्का होतो. आता हे गणित पाहा. ७० किलो वजनाच्या माणसाच्या सबंध शरीराला एकाच वेळी ४ ग्रे डोस (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक, १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल ऊर्जा) मिळाला, तर त्याच्या शरीरात उतरलेली एकूण ऊर्जा २८० ज्यूल, म्हणजे गरम चहाच्या एका घोटाएवढी. शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागानंही धड वाढत नाही. तरीही उपचार मिळाले नाहीत तर इतका डोस मिळालेल्यांपैकी सुमारे निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. अर्थात मारते ती उष्णता नाही. ही ऊर्जा शरीरभर सारखी पसरत नाही. ती अतिसूक्ष्म ठिकाणी एकवटून उतरते, आणि त्यातली काही ठिकाणं डीएनएवर किंवा त्याच्या अगदी लगत असतात.

पेशीचा मोठा भाग पाण्याचा असतो. त्यामुळे क्ष-किरणांचा पहिला बळीही बहुतेक वेळा पाणीच असतं. पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हा इतका अधीर असतो की काही नॅनोमीटरच्या पलीकडे जाण्याआधीच समोर येईल त्याच्याशी रासायनिक क्रिया करून बसतो. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. म्हणजे अगदी शेजारी तयार झालेला रॅडिकलच डीएनएपर्यंत पोचू शकतो. क्ष-किरणांनी डीएनएला होणाऱ्या इजेपैकी सुमारे दोन तृतीयांश इजा या वाटेनं होते. मशीन विजेवर क्ष-किरण तयार करणारं लिनॅक असो किंवा भाभा अणुसंशोधन केंद्रानं (बीएआरसी) विकसित केलेलं कोबाल्टचं भाभाट्रॉन असो, पेशीच्या दृष्टीनं इथपर्यंतची गोष्ट तीच.

डीएनए दोन पदरांचा असतो आणि त्यावरचा मजकूर रासायनिक अक्षरांच्या जोड्यांनी लिहिलेला असतो. १ ग्रेमागे एका पेशीच्या डीएनएत साधारण हजार ठिकाणी एक पदर तुटतो, आणखी हजारभर ठिकाणी अक्षरं खराब होतात आणि ३० ते ४० ठिकाणी दोन्ही पदर समोरासमोर तुटतात. पहिल्या दोन प्रकारांची धास्ती नको. रेडिएशनशिवायही, नुसत्या श्वासोच्छ्वासातून आणि चयापचयातून प्रत्येक पेशीत रोज हजारोंनी असे बिघाड होतात, आणि पेशी ते सहज निस्तरते, कारण समोरचा पदर शाबूत असतो आणि त्यावरून नक्कल करता येते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या टोमास लिंडाल, पॉल मोड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेशी जगणार की मरणार हे ठरतं ते तिसऱ्या प्रकारावर. दोन्ही पदर तुटले की गुणसूत्राचे सरळ दोन तुकडे होतात आणि नक्कल करायला समोर काही उरत नाही. आईला रोज २ ग्रे मिळणार. म्हणजे किरणांच्या वाटेत येणाऱ्या प्रत्येक पेशीत, मग ती चांगली असो वा कॅन्सरची, रोज साठ-सत्तर दुपदरी तुटी होणार.

आता या तुटी दिसतात कशा, तेही सांगतो. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतलं एक म्हणजे एच-टू-ए-एक्स. तूट झाली की काही मिनिटांत तिच्या दोन्ही बाजूंच्या लाखो अक्षर-जोड्यांच्या टापूतल्या या प्रथिनावर फॉस्फेटची खूण चढते. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम बॉनर यांच्या प्रयोगशाळेनं हे दाखवलं. या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी हिरव्या रंगानं चमकवली आणि केंद्रक निळं रंगवलं, की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या गोलात हिरवे ठिपके दिसतात. ढोबळ मानानं एक ठिपका म्हणजे एक तूट. अर्ध्या तासानं पाहिलं तर केंद्रक ठिपक्यांनी भरलेलं असतं. काही तासांनी बरेच ठिपके गेलेले असतात, आणि चोवीस तासांनी निरोगी पेशीत मोजकेच उरतात. हे उरलेले ठिपके बहुधा अवघड जागीचे असतात, जिथे डीएनए फार घट्ट बांधलेला असतो. कोणत्याही भाषणापेक्षा या दोन चित्रांतून दुरुस्ती म्हणजे काय ते चटकन कळतं, म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी ती दाखवतो.

ही खूण चढवणारं मुख्य प्रथिन म्हणजे एटीएम. तुटलेलं टोक आधी एमआरएन नावाचं प्रथिनांचं त्रिकूट पकडतं आणि एटीएमला जागं करतं. एटीएम मग शेकडो प्रथिनांना निरोप धाडतं: विभाजन थांबवा, दुरुस्तीचं सामान आणा. ज्या मुलांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतःच बिघडलेल्या असतात, त्यांना अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया नावाचा दुर्मिळ आजार होतो. चालताना तोल जातो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसतात, रक्ताचे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. अशा मुलांना नेहमीच्या डोसचं रेडिएशन दिलं तेव्हा त्वचेची आणि आतल्या ऊतींची भयंकर हानी झाल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे. डोस तोच, मशीन तेच, फक्त पेशीला धोक्याची सूचना देणारं प्रथिन नाही. दुरुस्तीचं मोल किती आहे, याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

विभाजन थांबवण्याचं काम पी-५३ कडे असतं. एरवी पेशी हे प्रथिन बनवते आणि लगेच मोडून टाकते, त्यामुळे ते नावालाच शिल्लक असतं. एटीएमचा निरोप आला की मोडतोड थांबते, पी-५३ साचतं आणि पेशी जिथल्या तिथे उभी राहते. दुरुस्ती जमली तर पुन्हा कामाला लागते. नाही जमली तर कायमची विभाजन सोडते किंवा स्वतःला संपवते. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हे पी-५३ च बिघडलेलं असतं. अशी पेशी पुरेशी थांबत नाही. तुटकी गुणसूत्रं घेऊनच विभाजनाला बसते, गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि एक-दोन विभाजनांत ती मरते. रेडिएशननंतर कॅन्सरच्या पेशी बहुतेक अशाच मरतात, म्हणजे किरण लागताक्षणी नाही तर पुढे विभाजन करताना. गाठ तशीच असलेल्या रुग्णांत ती उपचार संपल्यावरही आठवडेच्या आठवडे आक्रसत राहते, त्याचं कारण हेच. 'दहा वेळा झालं तरी गाठ दिसतेच आहे' म्हणून घाबरून जाणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

प्रत्यक्ष दुरुस्तीच्या दोन वाटा आहेत. पहिली घाईची. केयू नावाचं अंगठीच्या आकाराचं प्रथिन तुटलेल्या टोकावर सरकून बसतं, दुसऱ्या टोकावरही बसतं, बाकीची प्रथिनं दोन्ही टोकं जवळ आणतात, खराब झालेला भाग छाटतात आणि लायगेज-४ ती सांधतं. शरीरातल्या बहुतेक पेशी कोणत्याही क्षणी विभाजनाच्या तयारीत नसतात, त्यामुळे त्यांची मुख्य भिस्त याच वाटेवर असते. वेग चांगला, पण छाटताना चार-दोन अक्षरं जाऊ शकतात. दुसरी वाट सावकाशीची आणि अचूक. डीएनएची नक्कल झालेली असेल तरच ती खुली असते, कारण तेव्हा शेजारी तस्साच दुसरा धागा असतो. बीआरसीए-२ हे प्रथिन आरएडी-५१ ला तुटलेल्या टोकावर बसवतं, ते टोक जुळ्या धाग्यात शिरून बरोबर तीच जागा शोधतं आणि तिथून मजकूर उतरवून घेतं. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या कॅन्सरमध्ये ही दुसरी वाट बंद असते. त्या पेशींचा दुरुस्तीचा आणखी एक मार्ग औषधानं अडवला की त्या मरतात, आणि ओलापॅरिबसारख्या गोळ्या याच तत्त्वावर बनल्या आहेत. आईच्या आजारात त्यांचा सहसा संबंध येत नाही.

घाईच्या वाटेचा खरा धोका अक्षरं गळण्यात तितका नाही, जितका भलतीच टोकं जोडली जाण्यात आहे. केयूला कोणतं टोक कुणाचं ते कळत नाही. एकाच वेळी जवळजवळ दोन तुटी झाल्या तर चार टोकं मोकळी असतात, आणि जोडणी चुकू शकते. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन पोटात गेलेल्या मुलांमध्ये थायरॉइडचे कॅन्सर वाढले. त्यांतल्या बऱ्याच गाठींत दहाव्या गुणसूत्रावरचं आरईटी हे जनुक त्याच गुणसूत्रावरच्या दुसऱ्या एका जनुकाला चुकून जोडलेलं सापडलं. गुणसूत्राच्या लांबीवर ही दोन्ही जनुकं एकमेकांपासून खूप दूर आहेत. पण थायरॉइडच्या पेशीत गुणसूत्राची घडीच अशी पडते की ती पुष्कळदा शेजारी येतात, आणि एकदम तुटली तर एकमेकांना जोडली जातात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: डोस जितका मोठा, तितक्या एकाच वेळी मोकळी असणारी टोकं जास्त, आणि चुकीच्या जोडण्यांचं प्रमाण डोसच्या नुसत्या पटीत न वाढता वर्गाच्या पटीत वाढतं. २ ग्रेऐवजी एकदम २० ग्रे दिले तर हिशोब दहापटीवर थांबत नाही. छोट्या डोसात तुटी विखुरलेल्या असतात, पुढचा डोस येईपर्यंत निरोगी पेशी त्या सांधून घेते. १९५९ मध्ये मॉर्टिमर एल्काइंड आणि हॅरिएट सटन यांनी हॅमस्टरच्या पेशींवर हे मोजून दाखवलं: तोच डोस दोन भागांत, मधे काही तास ठेवून दिला, तर जास्त पेशी जगतात. त्याच्या कितीतरी आधी पॅरिसमध्ये क्लॉद रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग करून पाहिलं होतं की एका डोसात वंध्यत्व आणायचं तर वरची त्वचा जळते, पण तेच काम अनेक दिवसांत विभागून केलं तर त्वचा वाचते. वृषणातल्या सतत विभाजन करणाऱ्या पेशी त्यांनी गाठीच्या जागी मानल्या, त्वचेला निरोगी ऊतीच्या. आईच्या ३० दिवसांचं मूळ तिथे आहे.

आता कॅन्सरच्या बाजूचा हिशोब. २ ग्रेच्या एका डोसानंतर अनेक प्रकारच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या पेशी विभाजनक्षम राहतात. उरलेल्या निम्म्यांतल्या निम्म्या दुसऱ्या दिवशी, असं ३० वेळा केलं की सुमारे १०७ कोटी पेशींमागे एक उरते. एक घन सेंटिमीटर गाठीत अंदाजे १०० कोटी पेशी असतात. ऑपरेशननंतर आईच्या गालात डोळ्यांना दिसणारी गाठ उरलेली नाही. कडेला किंवा मानेच्या लसिकाग्रंथींत लपलेल्या पेशी त्याहून पुष्कळ कमी असणार. प्रत्यक्ष शरीर इतकं सरळ वागत नाही, पण ३० हा आकडा कुठून येतो याची कल्पना यावरून यावी.

शेजारच्या काकूंच्या १५ वेळांचं कारणही दुरुस्तीतच आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींना डोस छोटा की मोठा याचा तितका फरक पडत नाही, मात्र आसपासच्या हाड, स्नायू, नसा यांना फार पडतो, म्हणून तिथे छोटे डोस हिताचे. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी या बाबतीत आसपासच्या निरोगी ऊतीसारख्याच वागतात, म्हणून तिथे छोटे डोस देऊन विशेष काही कमावता येत नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत १५ वेळा एकूण ४० ग्रे देणं २५ वेळा देण्याइतकंच परिणामकारक ठरलं, आणि २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत तर निवडक रुग्णांना आठवड्याभरात ५ वेळा २६ ग्रे देणंही चाललं. काकूंना कमी उपचार मिळाले नाहीत आणि आईला जादा मिळत नाहीत.

चांगल्या पेशी मरतात का? मरतात. आईच्या तोंडात हे दिसेलच. साच्यातला मुखवटा बांधून आत झोपवतात, मशीन काही मिनिटं चालतं, आणि पहिले दोन आठवडे बहुतेक जण 'काहीच जाणवलं नाही' म्हणत बाहेर येतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गालाच्या आतल्या बाजूला लाली येते, मग पांढुरके चट्टे, मग गिळताना जळजळ. असं उशिरा का होतं? तोंडाच्या अस्तराचे वरचे थर आधीच तयार झालेले असतात आणि ते आपल्या गतीनं झिजतात. रेडिएशननं खालच्या थरातल्या विभाजन करणाऱ्या पेशी कमी झाल्या, की झिजलेल्या थराची जागा भरायला माल येत नाही. उपचार संपल्यावर खालच्या थरातल्या जगलेल्या पेशी जोमानं वाढतात आणि काही आठवड्यांत अस्तर पुन्हा येतं. लाळग्रंथींचं तसं नाही. तिथल्या पेशी लवकर दगावतात आणि सहजी परत येत नाहीत, तोंड कोरडं राहतं, म्हणून आम्ही किरणांची दिशा आखताना कानाखालची ग्रंथी वाचवायला जिवाचं रान करतो. दात रेडिएशनच्या आधी दाखवून घ्या, काढायचे ते आधीच काढून घ्या. नंतर जबड्याचं हाड बरं व्हायला फार वेळ लागतो, कधी होतही नाही.

आणखी एक शंका लोक दबक्या आवाजात विचारतात: नातवंडांना आईजवळ जाऊ द्यायचं ना? खुशाल. बाहेरून दिलेले हे किरण मशीन बंद होताच संपतात, शरीरात काही उरत नाही. स्कॅनच्या डोसचीही भीती धरू नका. सीटीचा १० मिलिग्रेचा डोस म्हणजे सरासरी तीन पेशींमागे एक दुपदरी तूट, आणि सीटीनंतर रक्ताच्या पांढऱ्या पेशींतले ते हिरवे ठिपके मोजले असता दुसऱ्या दिवसापर्यंत ते जवळजवळ पूर्वपदावर आलेले दिसले आहेत. गरज नसताना सीटी करू नये, एवढं पथ्य पुरे.

तंबाखूबद्दल मात्र मी कठोर आहे. रॅडिकलनं डीएनएला केलेली जखम कोवळी असते, तेव्हा ऑक्सिजन तिथे पोचला तर ती रासायनिकदृष्ट्या पक्की होते. ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. बिडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणून उपचार चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांत रेडिएशनचा गुण कमी येतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. खर्रा, मावा, मिसरी यांत धूर नाही, पण सोललेल्या अस्तरावर ते ठेवणं म्हणजे जखम भरू न देणं, आणि ज्यानं कॅन्सर आणला तेच पुन्हा तिथे लावणं. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते दुर्लक्षू नका. आणि जखम बुजावी म्हणून नातेवाईक व्हिटॅमिन-ई आणि बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या डोसाच्या कॅप्सूल आणून देतात, त्या या सहा आठवड्यांत टाळा. कॅनडातल्या एका चाचणीत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या (गालाचा कॅन्सर यातच मोडतो) रुग्णांना अशा गोळ्या दिल्यावर तोंडाचा त्रास थोडा कमी झाला, पण व्हिटॅमिन-ईच्या गटात कॅन्सर उलटण्याकडे कल दिसला. रोजच्या जेवणातल्या फळं-भाज्यांवर बंदी नाही. आईला गिळता येईल तितकं भरपूर खाऊ द्या, दूध, अंडी, वरण, मऊ भात, सगळं. वजन टिकणं फार महत्त्वाचं आहे.

शनिवार-रविवारची सुट्टी वेळापत्रकात धरलेलीच असते, आणि त्या दोन दिवसांत तोंडाचं अस्तरही सावरतं. गौरी-गणपतीचे चार दिवस ही वेगळी गोष्ट. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी जास्त वेगानं वाढू लागतात, आणि रोजच्या २ ग्रेपैकी सुमारे ०.६ ग्रे नुसती ती वाढ भरून काढण्यात जातात. ठरलेल्या मुदतीपेक्षा जादा गेलेल्या प्रत्येक दिवसामागे कॅन्सर आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे १ ते १.४ टक्क्यांनी घटते. याच कारणानं डेन्मार्कच्या चाचणीत आठवड्याला पाचऐवजी सहा वेळा उपचार देऊन तेवढाच डोस आठवडाभर आधी संपवला, तेव्हा गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण वाढलं. सोयाबीनच्या काढणीला, लग्नाला, सणाला म्हणून मधेच गावी जाऊन दहा दिवसांनी उगवणारे रुग्ण आम्हाला दरवर्षी भेटतात, आणि त्या दहा दिवसांची भरपाई करताना आमच्याकडचे मार्ग अपुरे पडतात. गणपती आईकडे आणा, आईला गणपतीकडे नेऊ नका.

मशीन बंद पडलं, ताप आला, एखादा दिवस नाइलाजानं बुडालाच, तर दुसऱ्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना विचारा: हा दिवस शनिवारी भरून काढता येईल का, किंवा एका दिवशी दोनदा देता येईल का? दोनदा द्यायचं ठरलं तर मधे किमान ६ तासांचं अंतर राहील असं पाहा, कारण निरोगी पेशींच्या बहुतेक तुटी सांधल्या जायला तेवढा वेळ लागतोच. मज्जारज्जू किरणांच्या वाटेत असेल तर ६ तासही पुरत नाहीत. ब्रिटनमध्ये एके काळी दिवसातून तीनदा, सहा-सहा तासांनी रेडिएशन देऊन पाहिलं, तेव्हा तोवर सुरक्षित मानलेल्या डोसवरही काही रुग्णांच्या मज्जारज्जूला इजा झाली, आणि तिथली दुरुस्ती किती संथ असते ते त्यातून कळलं. म्हणून सकाळी आठचा आणि दुपारी दोनचा अशा वेळा मिळाल्या आणि सकाळी तासभर उशीर झाला, तर दुपारची वेळही तासभर पुढे ढकलायला तंत्रज्ञांना सांगा. घाईत असले तरी ते ऐकतील.